मऊ गाद्या, पण उघडे डोळे

पूर्वी मुलांचा वाढदिवस म्हटला की घरी औक्षण, बटाटेवडे, शेजारच्या दहा-बारा मुलांचा गोंधळ आणि संध्याकाळी चुरडलेल्या फुग्यांचा केर, एवढाच कार्यक्रम असे. आता निमंत्रण येतं ते मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ‘प्ले झोन’चं. आत रंगीत स्पंजच्या गाद्या, जाळीचे बोगदे, चेंडूंनी भरलेला हौद, वळणावळणाची घसरगुंडी आणि उड्या मारायला ट्रॅम्पोलिन. मुलं चपला भिरकावून आत पळतात आणि आपण बाहेरच्या खुर्चीवर टेकतो. “सगळं मऊच तर आहे, पडून पडून काय पडेल?” असं म्हणून निश्चिंत होतो.

या खेळघरांची कल्पना काही वाईट नाही. कॅनडातल्या टोरांटो शहरात १९७२ मध्ये एरिक मॅकमिलन या रचनाकाराने मुलांसाठी असं एक खेळगाव उभारलं, आणि पुढे जगभर ही पद्धत पसरली. ज्या गावांत मैदानं उरली नाहीत, रस्ता ओलांडायची भीती वाटते आणि चार महिने पाऊस थांबत नाही, तिथे मुलांनी हातपाय हलवायचे तरी कुठे? म्हणून मुलांना नेऊच नका, असं मी सांगणार नाही. पण कांदे-बटाटे घेताना आपण चार वेळा उलटून पाहतो, साडीचा पोत बोटांनी चाचपतो, मग तासाला काही शे रुपये मोजून जिथे आपलं मूल सोडतो, ती जागा दहा मिनिटं तरी नीट पाहायला नको का?

मऊपणा एकाच गोष्टीपासून वाचवतो, ती म्हणजे उंचावरून पडण्यापासून. धडक, अडकणं, गळफास, आग आणि संसर्ग यांपैकी कशाचाही इलाज गादीत नाही. तेव्हा क्रमाने पाहू या.

आधी दार, मग खेळ

२५ मे २०२४ रोजी गुजरातमधल्या राजकोट येथे एका गेम झोनला आग लागली आणि पंचवीसहून अधिक जीव गेले. त्यांत मुलंही होती. सुट्टीतला शनिवार होता, गर्दी होती. त्या जागेकडे अग्निशमन विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र नव्हतं, हे नंतर उघड झालं. गादीतला स्पंज पेटला की भराभर जळतो आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. ज्वाळा पोचण्याआधी धूरच माणसाला लोळवतो. शिवाय बोगद्यात शिरलेलं मूल घाबरलं की बाहेर पळत नाही, आणखी आत दडतं.

म्हणून तिकीट काढण्याआधी बाहेर पडायच्या वाटा मोजा. दोन तरी हव्यात, आणि त्या एकमेकींपासून दूर हव्यात. दुसऱ्या दाराला कुलूप नाही ना, त्यापुढे खुर्च्या, खोकी, केकचं टेबल लावलेलं नाही ना, हे चालत जाऊन पाहा. अग्निशामक नळकांडं भिंतीवर असेल, तर त्याच्या काट्याकडे नजर टाका. तो हिरव्या पट्ट्यात हवा. लोंबत्या वायरी किंवा गादीला टेकलेले तापलेले दिवे दिसले, तर परत फिरा. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. त्यानुसार अशा जागांच्या मालकाने आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. ते दाखवा म्हणायला संकोच कशाला?

आणि एक प्रश्न तिथल्या मुलाला किंवा मुलीला सरळ विचारा, “दादा, आग लागली तर मुलांना कुठून बाहेर काढता?” त्याने लगेच हात करून वाट दाखवली, तर बरं. “काही होत नाही हो मॅडम,” असं उत्तर आलं, तर समजावं की त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

फट, जाळी आणि शिवण

आता खेळाकडे या. मुलांचं अंग बारीक फटीतून पायाकडून सरकतं, पण डोकं अडकतं आणि भार मानेवर येतो. साधारण साडेतीन इंचांपासून नऊ इंचांपर्यंतच्या फटी या दृष्टीने धोक्याच्या मानल्या जातात. मोजपट्टी न्यायची गरज नाही. जिथे आपली मूठ आत जाते पण पुरी वीत बसत नाही, अशी फट कठड्यात, जिन्यात किंवा दोन गाद्यांमध्ये दिसली, की तिथे मुलाला सोडू नये.

जाळीला हात लावून ओढून पाहा. फाटक्या जाळीत बोट, पाय किंवा डोकं अडकतं. लोखंडी खांबावरचा स्पंज हाताने दाबा. वर्ष-दोन वर्षांत तो चेपून पातळ होतो, रंग मात्र तसाच चकचकीत दिसतो. रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आला असेल, तर दोन वर्षांचं मूल त्याचा तुकडा हमखास तोंडात घालणार. चेंडूंच्या हौदात उतरून तळाला हात लावा. तळाची गादी सरकलेली असते, तर कधी खाली क्लिप, नाणं किंवा खाऊचा कागद सापडतो. हौदाच्या तळाशी लहान मूल बसलेलं वरून दिसत नाही, म्हणून त्यात उडी मारायची मुभा असेल, तर तो हौद लहानग्यांसाठी नव्हे.

लहान आणि मोठी वेगळी हवीत

या जागी मुलांना लागतं ते बरेचदा दुसऱ्या मुलाच्या धक्क्याने. दहा वर्षांचा दांडगट मुलगा घसरगुंडीवरून येतो आणि खाली अडीच वर्षांची मुलगी बसलेली असते, त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी, कठड्याने राखलेली जागा हवी, आणि मोठ्यांना तिथून बाहेर काढणारं माणूस तिथे उभं हवं. पाटी लावून भागत नाही.

ट्रॅम्पोलिनच्या बाबतीत तर मी फारच कडक आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये काढलेल्या निवेदनात सांगितलं आहे की, ट्रॅम्पोलिनवरच्या चार जखमांपैकी सुमारे तीन जखमा एकाहून अधिक जण एकाच वेळी उड्या मारत असताना होतात, आणि त्यांत सर्वांत लहान मुलाला जास्त लागतं. कारण सोपं आहे. जड मुलगा खाली आदळला की कापड जोराने वर उसळतं, आणि त्याच क्षणी हलकं मूल खाली येत असतं. गुडघ्याखालचं हाड त्यात मोडतं. तेव्हा सहा वर्षांखाली ट्रॅम्पोलिन नको, आणि त्याच्या पुढे एका वेळी एकच. कोलांट्या तर नकोतच, मान हे काही गंमतीचं हाड नाही.

आणखी एक, जे ऐकून पुष्कळ जणींना नवल वाटतं. घसरगुंडीवर लहान मुलाला मांडीवर घेऊन कधीही घसरू नये. मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत, दुसरीतल्या एका मुलीचा धाकटा भाऊ मावशीच्या मांडीवर बसून असाच घसरला. बुटाचा तळ बाजूला घासून पाय अडकला, आणि मावशीच्या वजनाने दोघंही पुढे गेली. पोराचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. एकटं घसरताना पाय अडकला तर मूल थांबतं, मोठं माणूस थांबत नाही. मूल एकटं घसरण्याइतकं मोठं नसेल, तर ती घसरगुंडी त्याची नाही, असं समजावं.

घरून निघताना

आता आपल्या हातातलं. गळ्यातली चेन, काळ्या मण्यांची माळ, ताईताचा दोरा, घागऱ्यावरची ओढणी, टोपीच्या जाकिटाची नाडी, हे सगळं काढून ठेवा. घसरगुंडीच्या टोकाशी नाडी अडकून मुलं दगावल्यामुळे अमेरिकेत १९९६ मध्ये मुलांच्या कपड्यांच्या गळ्याजवळ नाड्या लावू नयेत अशा सूचना निघाल्या. आजी म्हणतील, “दृष्टीचा दोरा काढायचा नसतो.” त्यांना सांगा, “आई, तासभर तुमच्याच पदराला बांधून ठेवा, खेळून आला की परत घालू.” दृष्टही लागणार नाही आणि फासही बसणार नाही. कानातले डूल, पैंजण, सेफ्टी पिना, टोकदार क्लिपा घरीच राहू द्या. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पूर्ण विजार घाला म्हणजे घसरगुंडीवर कातडी सोलत नाही. पायात खाली रबरी ठिपके असलेले मोजे. तोंडात गोळी-चॉकलेट मुळीच नको, उडी मारताना ते श्वासनलिकेत जातं.

पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ शहरांतून फिरत असते. अंगावर फोड, ताप किंवा जुलाब असलेल्या मुलाला नेऊ नये, आपल्याही आणि दुसऱ्याच्याही भल्यासाठी. बाहेर आल्यावर खाण्याआधी साबण-पाण्याने हात धुवावेत. अशा काही विषाणूंवर नुसत्या सॅनिटायझरचा पुरता परिणाम होत नाही.

लागलंच तर

डोक्याला मार लागून मूल बेशुद्ध झालं, पुन्हा पुन्हा उलटी करू लागलं, सुस्त पडलं, झटका आला किंवा कान-नाकातून पाणी-रक्त आलं, तर “झोपू दे, बरं वाटेल” म्हणू नये. थेट इस्पितळ गाठावं. मान दुखते म्हणालं, तर त्याला उचलू नये, १०८ ला फोन करावा. हातपाय सुजला असेल, तर चोळू नये, हाडवैद्याकडे ओढायला नेऊ नये, आधी एक्स-रे.

“इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही” अशी पाटी किंवा सहीचा कागद बहुतेक ठिकाणी असतो. त्याने घाबरून जाऊ नका. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत हयगय झाली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. तिकीट, फाटक्या जागेचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद मात्र जपून ठेवा.

आणि निमंत्रणाचं काय?

खरी अडचण इथेच आहे. शेजारणीने हौसेने बोलावलेलं असतं, आणि आपण नळकांड्याचा काटा पाहू लागलो, तर “हिला मेलीला सगळ्यात खोट दिसते,” असं वाटेल, ही भीती. मला वाटतं, दोष सारखे नसतात. गादी मळकी आहे, चेंडू जुने आहेत, तर हात धुऊन निभावता येतं. गर्दी फार असेल, तर मुलाला एक खेळ कमी खेळू द्यावा. पण बाहेर पडायची वाट बंद असेल, जाळी फाटली असेल, लहान-मोठी मुलं एकत्र उड्या मारत असतील आणि बघणारं कोणी नसेल, तर तिथे संकोच करू नये. यजमानीणबाईंना बाजूला घेऊन हळूच सांगावं, “अहो वहिनी, ते मागचं दार उघडून घेऊ या का? आणि लहानांना आधी खेळू दे, मोठ्यांना नंतर.” बहुतेक जणींना हे ऐकून बरंच वाटतं, कारण वीस मुलांची जबाबदारी त्या दिवशी त्यांच्या एकटीच्या डोक्यावर असते.

आपल्याकडे वाढदिवस असेल, तर आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून यावी, आणि आलेल्या आयांमध्ये पाळी लावावी. दर वीस मिनिटं दोघी जणी मोबाईल पर्समध्ये ठेवून कठड्याशी उभ्या राहतील, बाकीच्या खुशाल गप्पा मारतील. निघताना मुलं मोजून घ्यावीत, बोगद्यात डोकावून.

मुलं पडतील, गुडघे खरचटतील, रडतील आणि पुन्हा चढतील. तेवढं पडणं त्यांना हवंच. आपल्याला राखायचं आहे ते फक्त ज्या पडण्यातून उठता येत नाही, त्यापासून.