सायकलवर बसून जायचे कुठे?

गेल्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षक तपासायला आले. मधुमेह जुना, वजन वाढलेले, मुले परगावी. "गुरुजी, रोज अर्धा तास सायकल चालवा," मी नेहमीचे वाक्य म्हटले. ते हसले. "डॉक्टर, सायकलवर बसून जायचं कुठं? आणि भेटणार कोण?"

मी निरुत्तर झालो. गेली पंचवीस वर्षे मी व्यायाम गोळीसारखा लिहून देतो आहे. पण माणूस गोळी गिळतो, व्यायाम गिळत नाही. त्याला निमित्त लागते, सोबत लागते.

आमच्या लहानपणी हे निमित्त आपोआप मिळे. वाचनालयात पुस्तक बदलायला, व्याख्यानमालेला, गणपतीचे देखावे पाहायला आम्ही सायकलनेच जात असू, तेही बहुधा डबलसीट! कुठे भजन रंगलेले ऐकू आले की एक पाय टेकवून थांबत असू. पुढे घरोघरी मोटारसायकल आली आणि हे थांबणेच संपले. सायकल गरिबीची खूण ठरली. आज आठवी-नववीची मुले शिकवणीला स्कूटरवरून जातात आणि त्यांचे टाके घालायला माझ्याकडे येतात.

यावर उपाय नाही असे नाही. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तेथे डिसेंबर १९७४ मध्ये सायकलप्रेमी नागरिकांच्या पुढाकाराने काही रस्ते थोडा वेळ मोटारींना बंद झाले. आज तेथे दर रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक रस्ते सायकलस्वारांना आणि पादचाऱ्यांना मोकळे असतात. बागांत, चौकांत संगीताच्या तालावर फुकट व्यायाम शिकवतात. श्रीमंत आणि गरीब एकाच रस्त्यावर येतात. त्यासाठी नवे रस्ते बांधले नाहीत. असलेलेच काही तास माणसांना परत दिले.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. त्यातला मोठा हिस्सा अशा एका सकाळी हसतखेळत पुरा होतो. शिवाय चार माणसे भेटतात. उतारवयातला एकटेपणा प्रकृती पोखरतो, हे मी रोज पाहतो.

मग आपल्या गावात का नको? रविवारी सकाळी सहा ते आठ, वाचनालयापासून जुन्या वेशीपर्यंतचा रस्ता नगरपालिकेने मोटारींना बंद करावा. मुलांनी रस्त्यावर खडूने चित्रे काढावीत, लेझीम पथकाने सराव तेथेच करावा, भजनी मंडळाने वेशीत बसावे. व्यापारी बंधूंनी काळजी करू नये. दुकाने उघडतात नऊनंतर. रुग्णवाहिकेला वाट मात्र क्षणात मिळाली पाहिजे. त्यासाठी अडथळ्यापाशी स्वयंसेवक हवेतच.

आणि एक. दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा, कामावर जाणारा मजूर यांची सायकल हौसेची नाही. आपला रविवार साजरा होताना उरलेले सहा दिवस त्यांना रस्त्याची कड सुरक्षित मिळते का, हेही पालिकेला विचारू या.

सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडे डॉक्टरी बोल. हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर आधी तपासून घ्या. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. सीट फार खाली असली की गुडघे कुरकुरतात. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटे पुरेत.

माझी जुनी सायकल माळ्यावरून काढून ट्यूब बदलून आणली आहे. पालिका ठरवेल तेव्हा ठरवेल. येत्या रविवारी सहाला मी वाचनालयापाशी उभा असेन. गुरुजी, जायचे कुठे ते ठरले, आणि भेटायला निदान एक माणूस आहे. तुम्ही या.