सुदाम्याची चिंधी आणि मिठाईची पेटी

दिवाळीची मिठाई अलीकडे ज्या पेट्यांतून येते, त्या पाहिल्या म्हणजे आत अन्न आहे की अलंकार, असा संभ्रम पडतो. जाड पुठ्ठा, त्यावर प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा, सोनेरी ठसा, चुंबकाने मिटणारे झाकण, आत मखमली खण आणि प्रत्येक खणात एकेकच वडी!

सौंदर्याशी आमचे वैर नाही. देवाला षोडशोपचार अर्पण करणाऱ्यांनी सजावटीला नावे ठेवणे शोभतही नाही. तक्रार निराळी आहे. भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याची कथा येते. घरात देण्याजोगे काही नव्हते, म्हणून पत्नीने शेजारून चार मुठी पोहे मागून आणले व चिंधीत बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहून सुदाम्याला ती पुरचुंडी पुढे करण्याची लाज वाटली; श्रीकृष्णांनी ती आपणहून ओढून घेतली. या पेट्यांनी तीच लाज आता घरोघरी आणली आहे. घरच्या चकल्या-करंज्या स्टीलच्या डब्यातून शेजारी नेताना गृहिणी संकोचते. वास्तविक तो डबा रिकामा परत करू नये, हा आपला शिष्टाचार. त्यानेच दोन घरांतले जाणेयेणे टिकते. पेटी परत जात नाही. तिला मरणोत्तर सद्गतीही नाही, कारण पुठ्ठ्यावरचा पापुद्रा सहजी सुटत नाही.

व्यवहारही पाहावा. निव्वळ वजनात वेष्टन धरता येत नाही, असे वैधमापनाचे २०११ चे नियम सांगतात. तरी काही दुकानांत खोक्यासकट मिठाई तोलली जाते. काजूकतलीच्या भावाने पुठ्ठा घेतल्याचे पुण्य कोणत्याही पुराणात आमच्या वाचनात नाही.

जपानात चौकोनी कापडात भेटवस्तू बांधण्याची जुनी रीत आहे; त्या कापडाला फुरोशिकी म्हणतात, आणि ते पुन्हापुन्हा वापरतात. भिवंडी तर यंत्रमागांचे नगर. मंदीने येथील कित्येक माग थंडावले आहेत. अशा गावातल्या मिठाईवाल्यांनी पुठ्ठ्यासाठी बाहेर का पाहावे? कोऱ्या सुती कापडाचा हातभर चौकोन, तूप शोषले जाऊ नये म्हणून आत केळीचे पान, आणि ओल्या मिठाईला ग्राहकाचाच डबा, एवढ्याने काम भागते. कापडावर दुकानाचे नाव छापायचे तर खुशाल छापावे; मात्र ते कोपऱ्यात असावे, आणि धुतल्यावर रंग जाणार नाही एवढे पाहावे.