नकाशातली कोरी जागा

सर्व्हे ऑफ इंडियाच्या एक मैलाला एक इंच प्रमाणाच्या जुन्या नकाशात अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांच्या उत्तर कडेला नर्मदा सातपुड्याच्या कड्यांमधून वाहणारी अरुंद नदी दिसते; आज तिथे सरदार सरोवराचा फुगवटा आहे. धरणाची पूर्ण जलपातळी 138.68 मीटर. त्या उंचीची समोच्च रेषा जुन्या नकाशावर आखली, की मणिबेलीसह महाराष्ट्रातल्या 33 बाधित गावांनी काय गमावले ते कळते. सर्वात आधी गेली ती काठाची गाळाची शेते. डोंगरउतारावरची हलकी जमीन त्यांची जागा घेऊ शकत नाही.

उपग्रहचित्रे असताना हे जुने कागद कशाला, असे कोणी विचारेल. उपग्रह अलीकडचेच सांगतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हे नकाशे वसाहती सरकारच्या महसूल-जंगलाच्या नजरेने काढलेले. खरेच आहे. भिल्ल-पावरांच्या विखुरलेल्या पाड्यांवर, फिरत्या शेतीवर त्यात सहसा नुसता हिरवा रंग फासलेला असतो. म्हणून नकाशात दिसणारे घर हा पुरावा ठरतो. न दिसणारे घर मात्र नव्हतेच, असे म्हणता येत नाही. वनहक्काचे दावे ठरवण्याच्या नियमांनी नकाशांबरोबर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा मानले, ते रास्तच. दावे तपासताना दोन्ही एकाच टेबलावर हवेत.