एक नाव, दोन फायली



वस्तीतल्या मंडळाकडे लग्नकार्यासाठी सामाईक भांडी असतात. शंभर माणसांच्या भाताचे पातेले प्रत्येक घराने विकत घ्यावे, अशी आपली ऐपत नाही आणि तशी गरजही नाही. ज्याच्या घरी कार्य त्याने न्यावे, घासून परत आणून ठेवावे. आता समजा, एकाने मोठ्या पातेल्याच्या जागी लहान पातेले आणून ठेवले आणि त्यावरही मंडळाचेच नाव घातलेले आहे. वहीतली नोंद बरोबर, भांड्यावरचे नाव बरोबर. पुढच्या घरचा भात मात्र उतू जाणार.

विंडोजच्या संगणकात कित्येक वर्षे नेमके हेच होत असे. पडद्यावर खिडकी उघडणे, बटण काढणे, अक्षर छापणे ही कामे प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती प्रत्येकाने आपल्यापाशी वेगळी बाळगायची नाहीत, तर सामाईक फायलींत ठेवायची आणि सगळ्यांनी तिथून घ्यायची, अशी सोय केलेली होती. या फायलींना 'डीएलएल' म्हणतात. सोय करण्याचे कारण साधे होते, जागा महाग होती. १९९५ साली आलेल्या 'विंडोज ९५'ला किमान ४ एमबी मेमरी पुरेल असे सांगितले जाई. आज फोनवर काढलेला एखादा फोटोच तेवढा भरतो.

घोटाळा झाला तो नावांमुळे. मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' या साधनाच्या १९९६ ते १९९८ या काळात ४.२, ५ आणि ६ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. पण त्यांच्या एका मुख्य सामाईक फाईलचे नाव तिन्ही वेळा तेच राहिले, 'एमएफसी४२'. आत मजकूर निराळा, वर पाटी तीच! नव्या प्रोग्रामची सीडी घातली की तिच्यातली फाईल जुन्या फाईलवर जाऊन बसे. आधीची फाईल अधिक नवी असेल तर तिला हात लावू नये, असा नियम होता; पुष्कळ सीडी तो पाळत नसत. उलटही होई. नवी फाईल आली आणि जुन्या फाईलच्या खोडीवर विसंबलेला प्रोग्राम बंद पडला.

'विंडोज ३.१'वर तर आणखी चमत्कारिक प्रकार होता. दोन प्रोग्राम वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच नावाची फाईल बाळगून असले, तरी जो आधी उघडेल त्याचीच फाईल मेमरीत बसे आणि दुसऱ्यालाही तीच मिळे. म्हणजे सकाळी चालणारा प्रोग्राम दुपारी चालत नसे. यात दोष कोणाचा शोधणार?

दोष शोधला जाई, आणि तो मिळे घरातल्या मुलाच्या माथी. हप्त्यावर घेतलेला संगणक, त्यावर लग्नपत्रिका किंवा हिशेब करून चार पैसे येणार. पोराने खेळाची सीडी घातली आणि दुसऱ्या दिवशी हिशेबाचा प्रोग्राम उघडेना. बाप म्हणे, तूच बिघडवलास. दुरुस्त करणारा म्हणे, फॉरमॅट मारावे लागेल. पैसे गेले ते गेले, आणि पोरीला तर पुन्हा त्या यंत्राला हात लावू देत नसत. आमच्या मते हे नुकसान मोठे. त्या लेकरांनी काहीच चुकीचे केले नव्हते. ज्या कंपन्यांनी एका नावाखाली दोन वस्तू ठेवल्या, त्यांचा तो गोंधळ होता. जाणकारांनी त्याला 'डीएलएलचा नरक' असे नावच दिले आहे.

लिनक्सवाल्यांनी नावातच क्रमांक घालून ठेवला. त्यांच्या 'लिबसी' या मूळ फाईलची पाच क्रमांकाची आणि सहा क्रमांकाची आवृत्ती एकाच यंत्रात शेजारी शेजारी नांदू शकत. मायक्रोसॉफ्टने 'विंडोज २०००'पासून मूळ फायलींवर पहारा बसवला. कोणी बदलली तर यंत्र आपली फाईल परत जागेवर ठेवी. २००१च्या 'एक्सपी'त एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या ठेवण्याची व्यवस्था आली. 'विनएसएक्सएस' नावाचा फोल्डर तो हाच. तो फार जागा खातो असे वाटते, म्हणून कोणी हाताने पुसतात. तसे करू नये, यंत्र उठणार नाही.

जुने संगणक आजही आपल्या घरांत येतात आणि 'अमुक डीएलएल सापडली नाही' अशी पाटी झळकते. 'एमएसव्हीसीपी१४०' हे त्यातले नेहमीचे नाव. मुले ते नाव शोधून कुठून तरी सुटी फाईल उतरवून घेतात. नाव जुळते, पण आत दुसरीच आवृत्ती असेल किंवा व्हायरसही असेल. ६४ बिटच्या विंडोजमध्ये तर एकाच नावाच्या दोन फायली मुळातच असतात, ६४ बिटची एक आणि ३२ बिटची एक. त्यातही ६४ बिटची ज्या फोल्डरमध्ये असते त्याचे नाव 'सिस्टम ३२'! तेव्हा सुटी फाईल आणू नये. तो प्रोग्राम काढून पुन्हा घालावा. तरी जमले नाही, तर 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल' हा पूर्ण संच मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. तो फुकट मिळतो. बहुधा ३२ आणि ६४ बिटचे दोन्ही संच लागतात.