जॅक दाखवायचा की चालवायचा?

आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये हल्ली एक नवीन फॅशन आली आहे. कुणाची तरी घरून थार येते, कुणी मामाची गुरखा मागून आणतो, कुणी जुनी एमएम ५४० घेऊन ती पुन्हा उभी करतो. शनिवारी सबमिशनच्या फायली खोलीत फेकल्या की मंडळी ताम्हिणीला, नाहीतर वेल्ह्याकडे सुटतात. आणि अशा प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर किंवा मागच्या दारावर एक चार फुटी लोखंडी दांडा दिमाखात बांधलेला असतो. त्याला म्हणतात हाय-लिफ्ट जॅक. मी एकदा एका सीनियरला विचारलं, "हा चालवतात कसा?" त्याने शांतपणे सांगितलं, "अगं, अजून वेळच आली नाही!"

ती वेळ आमच्यावर आली. म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जण एका मित्राच्या जुन्या जीपमधून केळदच्या बाजूला, मढे घाट बघायला गेलो होतो. जीप नावाला फोर व्हील ड्राइव्ह. डिझेल वाचावं म्हणून आधीच्या मालकाने पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून ठेवला होता, म्हणजे ओढायला मागची दोनच चाकं. हँडब्रेकही नावालाच. बॉनेटवर मात्र हाय-लिफ्ट जॅक कडक! परतताना समोरून आलेल्या टेम्पोला वाट देताना रस्त्याची कड खचली आणि मागचं डावं चाक अर्धंअधिक चिखलात गेलं. दुपारचे चार वाजले होते. पाऊस धो धो. आम्हा दोघी मुलींच्या डोक्यात लेडीज हॉस्टेलचं साडेआठचं गेट.

"घाबरू नका, जॅक आहे," मालक म्हणाले. जॅक सोडायलाच वीस मिनिटं गेली, कारण नट गंजलेले. सोडल्यावर कळलं की त्याच्या सरकत्या भागातल्या पिना चिखलाने आणि गंजाने घट्ट बसल्या आहेत. वर्षभर पावसात, धुळीत उघडा फिरलेला जॅक! तो हलेना म्हटल्यावर सीटखालचा बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक काढला. तो ॲक्सलखाली मावेना. हातांनी चिखल उपसून जागा केली. पंप मारायला लागलो तर जीप वर जायच्या ऐवजी जॅकच खाली चालला. मग त्याच्याखाली एक चपटा दगड दिला. जीप वर आली, चाक सुटलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. एक मित्र चाकाखाली दगड भरायला वाकला.

आणि जीप पुढे सरकली. फार नाही, अर्धा फूट. जॅक आडवा झाला आणि चाक दाणकन खाली आलं. मित्राचा हात त्याच क्षणी दुसरा दगड उचलायला बाहेर आला होता. कुणीच काही बोललं नाही. पावसाचा आवाज तेवढा येत होता.

जीप गिअरमध्ये होती, मग सरकली कशी? याचं उत्तर आम्हा पाचही जणांना पाठ होतं. त्यातले तिघे मेकॅनिकलचे! डिफरन्शिअलची आकृती काढून, त्यावर सात-आठ मार्कांचं उत्तर लिहून आम्ही पास झालो होतो. गिअर टाकला की प्रॉपेलर शाफ्ट अडतो, हे खरं. पण साध्या डिफरन्शिअलमध्ये एक चाक हवेत गेलं की ते उलट फिरायला मोकळं होतं, आणि मग दुसरं चाकही पुढे फिरायला मोकळं होतं. म्हणजे मागचं चाक उचललं त्या क्षणी गिअरचा अडसर संपला. हँडब्रेक मेलेला, रस्ता उताराचा. राहिलेल्या चाकांना पुढून दगड लावणं एवढंच करायचं होतं. ते कुणालाही सुचलं नाही. पेपरात सुचलं असतं!

शेवटी शेतातून एक आजोबा आले. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, हातात पहार. त्यांनी आधी आमच्याकडे बघितलं, मग जीपकडे. पहिलं काम म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावले. मग गोठ्यातून एक जाड फळी आणवली आणि ती जॅकखाली दिली. आमचा मालक पंप मारत जीप अजून वर, अजून वर घ्यायला लागला, तेव्हा म्हणाले, "उचलून कुठं न्यायचीय? चाकाखाली दगुड जाण्यापुरती उचला की." दगड त्यांनी हाताने सारले नाहीत, पहारीच्या टोकाने ढकलले. तीन वेळा उचललं, तीन वेळा भरलं, आणि जीप स्वतःच्या पायांनी वर आली. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. "भाताच्या खाचरात गाडी घालू नका म्हंजी झालं," एवढंच म्हणाले.

तर माझं म्हणणं असं, की आपण जॅक निवडतो तो फोटोत बघून. निवडायला हवा तीन प्रश्न विचारून.

पहिला प्रश्न : माझी गाडी नेमकी कुठून उचलणार? हाय-लिफ्ट हा मुळात अमेरिकेतल्या शेतावरचा जॅक. १९०५ पासून तिथे बनतो. कुंपणाचे खांब उपटण्यापासून काहीही करतो आणि तीन-सव्वातीन फुटांपर्यंत उचलतो. पण त्याला पकडायला भक्कम लोखंडी बंपर किंवा दाराखालचा मजबूत पाइप लागतो. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे. त्याखाली हा जॅक लावलात तर बंपर वर जाईल, गाडी नाही! दुसरं म्हणजे बंपरकडून उचललं की आधी बॉडी वर जाते, स्प्रिंग लोंबतात आणि चाक मात्र बराच वेळ चिखलातच राहतं. तोवर गाडी उंच आणि डुगडुगती झालेली असते. बाटली जॅक ॲक्सलखाली लागला तर चाक लगेच सुटतं आणि गाडी फार उंच करावी लागत नाही. त्याची अडचण एकच. तो स्वतः वीतभर उंच असतो, त्यामुळे ॲक्सल चिखलाला टेकला असेल तर आधी खणावं लागतं. म्हणून छोटं फावडं हा जॅकचाच एक भाग समजा. कंपनी देते तो कात्रीसारखा जॅक डांबरी रस्त्यावर टायर बदलायला ठीक. चिखलात त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

सायलेन्सरच्या धुराने फुगणारी एअर बॅगही मिळते. बूड रुंद, त्यामुळे मऊ वाळूत छान. पण आपल्या सह्याद्रीत खाली काळा धारदार दगड आणि कारवीचे कापलेले बुंधे. त्यात ती फाटली की संपलं.

दुसरा प्रश्न : जॅकच्या खाली काय? इथे सिव्हिलवाल्यांनी लक्ष द्यावं. समजा एका चाकावर ५०० किलो भार आहे. बाटली जॅकचं बूड साधारण १० बाय १० सेंमी, म्हणजे १०० चौरस सेंमी. दाब झाला दर चौरस सेंमीला ५ किलो. अंगठा सहज आत जाईल अशा मऊ चिकणमातीसाठी पुस्तकात धरतात सुमारे अर्धा किलो. दहापट फरक! जॅक खाली जाणार नाही तर काय? आता त्याच जॅकखाली ३० बाय ४५ सेंमीची फळी द्या. क्षेत्रफळ १३५० चौरस सेंमी, दाब ०.३७ किलो. काम झालं. हाय-लिफ्टचंही तेच. त्याचं बूड थोडं मोठं असलं तरी फळीवाचून तोही रुततो. फळी मात्र दोन इंच जाड, कठीण लाकडाची हवी. पातळ प्लायवुड मधोमध मोडतं. आम्ही नंतर टिंबर मार्केटमध्ये जाऊन असा तुकडा कापून घेतला. आमच्या जीपमधली सगळ्यात उपयोगी वस्तू आता तीच आहे. आणि ओला गुळगुळीत दगड जॅकखाली नको. तो दाब घेतो, पण जॅक त्यावरून घसरतो.

तिसरा प्रश्न : चालवणार कोण? हा प्रश्न मुलं कधीच विचारत नाहीत. माझं वजन ४८ किलो. हाय-लिफ्टचा दांडा मी लोंबकळून खाली आणू शकते. खरा धोका गाडी खाली उतरवताना आहे. तेव्हा प्रत्येक खेपेला गाडीचा भार दांड्याला वर ढकलत असतो. हात सुटला तर दांडा सपासप वरखाली होतो, आणि त्याच्या वाटेत हनुवटी आली तर दात हातात येतात. म्हणून डोकं दांड्याच्या रेषेच्या बाहेर ठेवायचं आणि पकड शेवटपर्यंत सोडायची नाही. बाटली जॅक पास्कलच्या कृपेने कुणीही चालवू शकतं, आणि उतरवताना व्हॉल्व्ह हळूहळू सैल करायचा असतो. गाडीतल्या सगळ्यात हलक्या माणसाला जो जॅक भरवशाने चालवता येतो, तो आपला जॅक. कारण अडचणीच्या वेळी तगडा गडी जखमी नसेलच, याची काय खात्री?

आता न्यायचा कसा, ते. हाय-लिफ्ट साधारण १३ किलोचा. तो गाडीत सुटा टाकून ५० च्या वेगात आपटलात आणि गाडी दशांश सेकंदात थांबली, तर तो तुमच्या मानेकडे पावणेदोनशे किलोच्या वर जोर लावत येईल. गणित करून बघा. म्हणून आत ठेवलात तर बोल्टने आवळा. बाहेर लावलात तर सरकत्या भागावर कव्हर घाला, आणि दर ट्रिपनंतर पाण्याने धुऊन, पुसून, पातळ ऑइल सोडा. घट्ट ग्रीस नको, त्याला चिखल चिकटतो. बाटली जॅक उभा, पट्ट्याने बांधून ठेवा. आडवा लोळत राहिला की तेल झिरपतं आणि ऐन वेळी पंप हवा मारतो. क्षमता दोन टनांपेक्षा कमी नको, तीन टन असेल तर उत्तम, कारण रुतलेलं चाक नुसत्या वजनापेक्षा जास्त ओढ देतं. जॅक, त्याचा दांडा, फळी, फावडं आणि चाकाला लावायची दोन लाकडी उटणं एकाच जागी ठेवा, आणि ती जागा सामानाच्या तळाशी नको. आमचा दांडा तंबूखाली होता आणि तंबू पाच सॅकखाली!

काही जण म्हणतात, दोन गाड्या नेल्या की टो-रोप पुरतो, जॅक कशाला? दोन गाड्या जरूर न्या. पण कड खचून रुतलेली गाडी नुसती ओढली की ॲक्सल दगडावर घासत येतो. आधी चाक उचलून खाली भरावं लागतंच. आणि गाडी उचललेली असताना तिच्याखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही, मग जॅक कितीही महागडा असो. दगड सारायला पहार आहे, काठी आहे, फावड्याचा दांडा आहे.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. आपल्या घाटरस्त्यांना, आपल्या खिशाला आणि आपल्या अनुभवाला बाटली जॅक, फळी, फावडं आणि दोन उटणं पुरेशी आहेत. नाना पेठेत हे सामान एका फेरीत मिळतं, फळीसाठी तेवढं टिंबर मार्केट गाठा. ज्याच्या गाडीला लोखंडी बंपर आहे आणि ज्याने हाय-लिफ्ट चालवून, उतरवून बघितला आहे, त्याने तो खुशाल न्यावा. बाकीच्यांच्या बॉनेटवर तो दागिना आहे, आणि १३ किलोचा दागिना कुणी घालू नये.

जाता जाता सरांना एक विनंती. २००७ पासून आपल्याकडे बाजा स्पर्धा होते, त्यासाठी मुलं रात्र रात्र वर्कशॉपमध्ये गाडी घडवतात. त्याच वर्कशॉपमागच्या मातीत, जुलैच्या एखाद्या शनिवारी, आम्हा सगळ्यांना दोन तास गाडी उचलायला लावा. सगळ्या ब्रँचना, आणि मुलींनाही. उचलायची, भरायची, उतरवायची. व्हायवा तिथेच घ्या. पहिला प्रश्न असा विचारा : मागचं चाक उचललं आहे, गाडी गिअरमध्ये आहे, ती सरकेल का?

आम्ही त्या दिवशी हॉस्टेलवर सव्वादहाला पोचलो. गुडघ्यापर्यंत चिखल. रेक्टर मॅडमनी आधी रजिस्टर पुढे केलं, कारण लिहायला. मी लिहिलं, "गाडी रुतली." खरं कारण लिहायला ती रकाना पुरली नसती. ते इथे लिहिलं.