घरचें औषध : भाजलेल्या हातावर मध

गेल्या श्रावणांत एका शुक्रवारीं मी पनवेल तालुक्यांतील बेलपाड्यास, खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मावशींकडे गेलें होतें. जिवतीचें पुरण चाललें होतें. सूनबाईंच्या मनगटावर तव्यावरील तूप उडालें आणि घरांत एकदम तीन मतें निघालीं. मुलगा म्हणाला टूथपेस्ट, शेजारीण म्हणाली कोरफड. मावशींनीं तर फडताळांतील मधाची बाटली काढलीच. "मावशी, आधीं पाणी," असें म्हणून मीं बांगड्या उतरविल्या आणि हात 20 मिनिटें नळाखालीं धरविला. बांगड्या उतरविणें मावशींस रुचलें नाहीं. पण मनगट सुजल्यावर त्या निघत नाहींत.

मावशींचें औषध मात्र खोटें नव्हे. सुश्रुतानें व्रणावर मध व तूप सांगितलेंच आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यवैद्य डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनीं 1991 सालीं भाजलेल्या 104 रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांस मधाची पट्टी, निम्म्यांस सिल्व्हर सल्फाडायझीनची. सात दिवसांत मधाच्या गटांतील शेंकडा 91 जखमा जंतुरहित झाल्या, दुसऱ्या गटांत शेंकडा 7. एवढी तफावत पाहून मन साशंक होतें खरें. परंतु कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यांतही, फार खोल नसलेली भाजल्याची जखम मधाच्या पट्टीनें नेहमींच्या पट्ट्यांपेक्षां 4-5 दिवस आधीं भरते, असेंच दिसून आलें.

मधांत पाणी थोडें, साखर दाट, शिवाय तो आम्ल. त्यांत जंतु वाढत नाहींत. जखमेच्या लसेनें तो पातळ झाला कीं त्यांतील एक द्रव्य हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतें. उष्णतेनें तें द्रव्य नासतें. मध तापवूं नये, हा वडिलांचा दंडक येथेंही उपयोगी पडतो.

मात्र रुग्णालयांत वापरतात तो मध जंतुमुक्त केलेला असतो, फडताळांतला तसा नसतो. फोड आला, कातडी सोलली, चेहरा अथवा लहान मूल भाजलें, तर बाटली न उघडतां डॉक्टर गांठावा.

सूनबाईंस सातवा महिना होता. तोच मध सोन्याच्या अंगठीनें बाळास चाटवावयाचा, असा मावशींचा बेत. तो मीं मोडला. मधांत एका जंतूचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांस तीं बाधत नाहींत, पण वर्षाखालील बालकाच्या आंतड्यांत रुजून विष उत्पन्न करतात. त्यानें अंग लुळें पडतें, श्वासही अडतो. पहिल्या वर्षांत मधाचें बोटही नको.

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "धुतलेलें सोनें नुसतें ओठांस लावलें तर चालेल ना?"

तें चालेल, मीं सांगितलें.