शिट्टीच्या आधीच लागलेला निकाल

शाळा सुरू होऊन पाऊस जरा स्थिरावला की शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम येतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशी ही चढती पायरी. अशाच एका हंगामात दौलताबादच्या किल्ल्यासमोर, जिथे सीताफळाच्या आणि पेरूच्या टोपल्या मांडून आमच्या आयाबहिणी बसतात, तिथल्या चहाच्या टपरीवर आमच्या वस्तीतली पाच-सहा पोरे तावातावाने बोलत होती. विषय होता जिल्ह्याच्या १७ वर्षांखालील शालेय फुटबॉलचा अंतिम सामना. कोण जिंकणार? एकाने शहरातल्या एका बड्या शाळेचे नाव घेतले. दुसऱ्याने पन्नास रुपयांची पैज लावली. मला पाहून तिसरा म्हणाला, "जयभीम वकीलसाहेब! तुम्हीच सांगा, कोण जिंकणार?"

मी उलट विचारले, "आपली पोरे ज्या शाळेत जातात, तिचा संघ कुठपर्यंत गेला?"

पोरे हसली. एकजण म्हणाला, "साहेब, आपला संघ होता कधी?"

सामना झाला. पोरांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले. पैज जिंकणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजला. पण ते हसू काही माझ्या डोक्यातून जाईना. विजेता कोण हे आमच्या पोरांना आधीच ठाऊक होते आणि तो विजेता आपण असणार नाही, हेही त्यांना तितकेच पक्के ठाऊक होते! या दुसऱ्या भाकितावर कोणी पैज लावत नाही, कारण त्याविरुद्ध पैसे लावणारा माणूसच सापडत नाही. आज मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या भाकिताबद्दल.

भविष्य सांगणाऱ्यांबद्दल तथागतांची भूमिका स्पष्ट आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त म्हणजे ब्रह्मजालसुत्त. अमका राजा जिंकेल, तमका हरेल, अशी भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या आहे आणि श्रमण गौतम तिच्यापासून दूर आहे, असे त्यात सांगितले आहे. अडीच हजार वर्षांनी जगाने काय केले? २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या एका मत्स्यालयातील पॉल नावाच्या ऑक्टोपसला ज्योतिषी बनवले. त्याची आठच्या आठ भाकिते खरी ठरली म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनीही त्याचा जयजयकार केला. हिशेब मांडला तर नाणे उडवून सलग आठ वेळा बरोबर येण्याची शक्यता २५६ मध्ये एक असते. जगभर शेकडो पोपट, बैल आणि बाबा भाकिते करत असतील तर त्यातला एखादा बरोबर ठरणारच. चुकलेल्यांची बातमी होत नाही, एवढेच.

आता हाच हिशेब शालेय स्पर्धेला लावून पाहा. स्पर्धा बाद पद्धतीची असते. हरला तो घरी गेला. १६ संघ असतील तर विजेत्याला सलग चार सामने जिंकावे लागतात. समजा एखादा संघ इतका बलवान आहे की दहापैकी सात सामने तो हमखास जिंकतो. तरी सलग चार सामने जिंकण्याची त्याची शक्यता भरते शंभरात फक्त २४. म्हणजे बलाढ्य संघानेही चार वर्षांतून तीनदा चषक गमवायला हवा! त्यातून फुटबॉल हा कमी गोलांचा खेळ. पावसात भिजलेले मैदान, एखादी चुकलेली किक, पंचाचा एखादा निर्णय, एवढ्याने डाव पालटतो. दुबळ्याला संधी देणारा असा दुसरा खेळ क्वचितच असेल. आणि तरीही पाच वर्षांतून चारदा त्याच शाळेचे भाकीत खरे ठरत असेल, तर त्याचा अर्थ काय? तो संघ शंभरातले ९५ सामने जिंकणारा असला पाहिजे. म्हणजेच समोर उभे राहिलेले संघ प्रतिस्पर्धी नव्हतेच, ते केवळ संख्या भरायला आणलेले होते. भाकीत इतके सोपे झाले असेल तर त्यात भाकीत करणाऱ्याची हुशारी नाही. निकाल शिट्टी वाजण्याआधीच लागलेला आहे!

हा निकाल कोण लावतो? ग्रह लावत नाहीत, नशीब लावत नाही. मैदान लावते. क्रीडाशिक्षक लावतो. पायातले बूट लावतात. सकाळच्या सरावानंतर मिळणारे दूध आणि अंडी लावतात. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, आमखास मैदानावर फुटबॉल खेळला जातो. दौलताबादहून हे अंतर फार नाही. पण ज्याची आई टोपली घेऊन रस्त्याकडेला बसते आणि बाप रोजंदारीवर जातो, त्या पोराने रोजचे भाडे कुठून आणायचे आणि अंधार पडल्यावर परत कसे यायचे? आमच्या मराठवाड्यात तर आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास स्पर्धा वरच्या पायरीवर जातात आणि नेमकी तेव्हाच ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसलेले ते पोर गावच्या संघातले सर्वांत चपळ पोर असेल, पण त्याची नोंद कुठल्याच गुणतक्त्यावर होत नाही.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, खेळच तो! एवढे काय मनावर घ्यायचे? बांधवांनो, हा नुसता खेळ नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेत विशिष्ट पातळी गाठली की दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. या प्रमाणपत्रांना किती किंमत आहे, हे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची जी प्रकरणे राज्यात उघडकीस आली त्यावरूनच कळते. ज्याला किंमत नाही त्याची कोणी नक्कल करत नाही. म्हणजे ज्या शाळेला मैदान नाही, तिच्या मुलाचा फक्त चषक जात नाही. त्याचे गुण जातात, त्याची नोकरी जाते. आणि आपण टपरीवर बसून दुसऱ्यांच्या विजयावर पैजा लावतो!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत परमपूज्य बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील आणि ही विसंगती लोकशाहीला घातक ठरेल. शालेय फुटबॉलचे मैदान ही याच विसंगतीची छोटी प्रतिकृती आहे. आत अकरा विरुद्ध अकरा, चेंडू एक, नियम सर्वांना सारखे. बाहेर मात्र एकाकडे बस, प्रशिक्षक आणि हिरवळ. दुसऱ्याकडे अनवाणी पाय.

दौलताबादच्या माणसाला हे वेगळे सांगायची गरज नाही. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळच्या लेण्या पाहायला निघाले असताना या किल्ल्यावर आले होते. प्रवासाने अंग धुळीने माखलेले. प्रवेशद्वाराजवळच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले, तर तळे बाटवले म्हणून आरडाओरडा झाला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ल्यात सोडले ते एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात. कशासाठी? आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून! बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे आणि अस्पृश्यतेचा रोग एका धर्मापुरता राहिलेला नाही, हे त्यातून दाखवले आहे. आज पाण्यावर पहारा नाही, संविधानाने तो उठवला. पण मैदानावरचा पहारा उठला आहे काय? तिथे शिपाई उभा नसतो. तिथे मैदानच नसते, हा नव्या काळातला पहारा आहे.

संधी मिळाली तर काय होते, हे आपल्याच इतिहासात आहे. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या कामावर होते. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते देशातले अव्वल गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. पण पुण्यात त्यांच्याच संघातले लोक त्यांना चहा वेगळ्या भांड्यात, बाहेर द्यायचे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली. त्या काळच्या पंडितांना विचारले असते तर त्यांनीही भाकीत केले असते की अस्पृश्याचा मुलगा कर्णधार होणे शक्य नाही. ते भाकीत खोटे ठरले, कारण बाळू आणि विठ्ठल यांनी ते खोटे पाडले.

कोल्हापूर पाहा. राजर्षी शाहूंच्या त्या नगरीत पेठापेठांत तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियम सामन्यांना भरून वाहते. मैदान आणि परंपरा असली की रिक्षाचालकाच्या घरातला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळतो. नागपूर पाहा. निवृत्त क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला; त्यावर नागराज मंजुळे यांनी 'झुंड' काढला आणि २०२२ मध्ये साऱ्या देशाने तो पाहिला. त्याच वर्षी मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मजुराची लेक, अष्टम उरांव. गुणवत्ता वस्तीत आहे, पाड्यावर आहे. तिला वाट नाही.

सरकारला हे कळत नाही असे नाही. २०१७ च्या विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर 'मिशन वन मिलियन' झाले. शाळांना फुटबॉल वाटले गेले, एका दिवसात लाखो मुले खेळली, छायाचित्रे छापून आली. पुढे काय? एका दिवसाच्या चेंडूने खेळाडू घडत नाही. जिथे मैदान नाही, शिकवणारा नाही, तिथे तो चेंडू कपाटात बसतो आणि हवा गेलेल्या अवस्थेत पुढच्या तपासणीला दाखवला जातो.

म्हणून मी वकील म्हणून पोरांना सांगतो, पैजा बंद करा. जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे. दुसऱ्याच्या गोलवर आपले पन्नास रुपये लावण्यापेक्षा दहा रुपयांचे तिकीट माहितीच्या अधिकाराच्या अर्जावर लावा! शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवे, खेळाचे साहित्य हवे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक हवा, असे लिहिले आहे. हा कायदा आठवीपर्यंतचा आहे, हे खरे. पण १४ वर्षांखालील संघ तिथेच घडतो आणि १७ वर्षांखालचा विजेताही तिथूनच वर जातो.

गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज करा. आमच्या शाळेचे मैदान किती, त्यावर अतिक्रमण आहे काय, निदेशक नेमला आहे काय, खेळाच्या साहित्यावर गेल्या तीन वर्षांत किती खर्च झाला, एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचे कायदेशीर काम आहे. त्या आराखड्यात मैदान लिहायला कोणी अडवले आहे? आपल्या किती मायबापांना आपण त्या समितीत आहोत हे तरी ठाऊक आहे?

आणि थोडे आपल्याबद्दलही बोलू. सगळा दोष व्यवस्थेच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. १४ एप्रिलला वस्तीत वर्गणी गोळा होते. डीजेच्या भिंती उभ्या राहतात आणि एका रात्रीत ती वर्गणी आवाजात विरून जाते. त्याच वर्गणीतला चौथा हिस्सा बाजूला काढला तर विहाराच्या मोकळ्या जागेत वर्षभर संघ चालेल, मुलींचा आणि मुलांचा. चेंडू येतील, बूट येतील, जिल्ह्याच्या स्पर्धेला जायला भाडे मिळेल. ज्या बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय याच शहरात १९५० साली उभे केले, त्यांच्या जयंतीला हे शोभेल की कानठळ्या शोभतील? याचे उत्तर प्रत्येक मंडळाने स्वतःला द्यावे.

पुढच्या हंगामातही ती पोरे टपरीवर भेटतील आणि विचारतील, "वकीलसाहेब, कोण जिंकणार?" माझे उत्तर तयार आहे. कोण जिंकणार हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचेही नाही. ज्या दिवशी जिल्ह्याच्या अंतिम सामन्याचा निकाल कोणालाच आधी सांगता येणार नाही, त्या दिवशी समजायचे की आपल्या वस्तीचा संघ मैदानात उतरला आहे. भाकीत करणे हे आपले काम नाही. भाकीत खोटे पाडणे हे आपले काम आहे.

जयभीम!